हाक न मारलेली मुलगी

“त्या ओळीवरचं बोट काढू नकोस,” झाम्फिरा म्हणाली. “परत वाच.”

नार्चिसाने बोट तिथेच ठेवले. शाळा सुटून तास झाला होता. रिकाम्या वर्गात दोन बाके जोडून त्यांवर तिने अकरा झेरॉक्स कागद पसरले होते. क्रायोवा शहरातल्या दप्तरखान्यातून तिने ही यादी मिळवली होती. साल १८३८. मठाच्या मालकीचे रोमा गुलाम, घराघराने लिहिलेले. शाळा आणि रोमा वस्ती यांच्यातला दुवा म्हणून सरकारने नार्चिसाला नेमले होते. जुनी लिपी वाचायला तिला कुणी सांगितले नव्हते. ती आपणहून शिकली होती.

“‘दोब्रे लोहार, वय चाळीस. बायको वोइका. मुलगा रादु, नऊ वर्षांचा. मुलगा स्तान, सहा वर्षांचा. एक मुलगी, बारा वर्षांची.’”

“पुढे?”

“पुढे समासात दुसऱ्या शाईनं लिहिलंय. ‘मुलगी जमीनदाराच्या लेकीला लग्नाचा आहेर म्हणून दिली.’”

“आणि नाव?”

“नाव नाहीये, मावशी.”

“पोरांची आहेत.”

“पोरं मोठी होऊन लोहार होणार होती. मठाच्या कामाची होती. ही गेली. गेलेल्याचं नाव कशाला लिहितील?”

झाम्फिराने कागद स्वतःकडे ओढला. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, आणि ही लिपी तर तिला मुळीच येत नव्हती. तरी ती त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने चष्मा काढून एप्रनच्या खिशात ठेवला.

“म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती,” ती म्हणाली.

झाम्फिरा एकसष्ट वर्षांची होती. त्याच मठाच्या यात्रेकरू-निवासाच्या धुलाईघरात ती चौतीस वर्षे काम करत होती. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून खोलीवार रचायच्या. वादुरेले गावात तिची ओळख एवढीच. कधी कुणाशी मोठ्याने भांडण नाही, कशात पुढाकार नाही. नार्चिसाच्या सभांना यायची ती मागच्या बाकावर बसायची आणि शेवटी खुर्च्या उचलायची.

तिची आजी साफ्ता एक गोष्ट सांगायची. सहा वर्षांच्या स्तानने ती डोळ्यांनी पाहिली होती. म्हातारपणी त्याने ती आपल्या नातीला सांगितली. ती नात म्हणजे साफ्ता. मठाच्या फाटकातून गाडी निघाली. गाडीत पितळेची भांडी, दोन गाद्या आणि स्तानची बारा वर्षांची ताई. आई वोइका गाडीमागे नदीच्या उतारापर्यंत धावली. तिथे गाडीवानाने चाबूक दाखवला, तेव्हा ती थांबली. घरी येऊन तिने नवऱ्याला आणि दोन्ही पोरांना बसवले आणि बजावले, आजपासून या घरात तिचे नाव कुणी घ्यायचे नाही. नाव घेतले की तिकडे तिला हाक ऐकू जाईल. हाक ऐकली की पोर उठून घरच्या वाटेला लागेल. आणि पळून जाणाऱ्याच्या गळ्यात काय अडकवतात ते दोब्रेला चांगले ठाऊक होते. मठासाठी खिळ्यांची लोखंडी कडी तोच घडवायचा.

म्हणून कुणी नाव घेतले नाही. स्तान तर तिला ताईच म्हणायचा. वोइका मेली, तोवर त्याला नाव आठवेनासे झाले होते.

“मी म्हटलं, यादीत तरी असेल,” झाम्फिरा म्हणाली. “मालकाचे कागद म्हणजे पक्के असतात म्हणतात.”

“मावशी, वीस तारखेला आपण सगळ्यांसाठी प्रार्थना करणार आहोतच. त्यात ती येईल ना.”

“सगळ्यांत ती कशी येईल? तू शिकलेली आहेस, तूच सांग. मठाचे गुलाम कधी सुटले?”

“सत्तेचाळीसला. अठराशे सत्तेचाळीस.”

“आणि जमीनदारांचे?”

“छप्पनला. वीस फेब्रुवारी.”

“म्हणजे आईबाप, भाऊ सुटले आणि ती आणखी नऊ वर्षं अडकलेलीच. जगली असली तर तिशीची होऊन सुटली. वीस फेब्रुवारी आमच्या घरातल्या बाकी कुणाचा दिवस नाहीये, नार्चिसा. तिचा एकटीचा आहे.”

सहा वर्षे नार्चिसा हा दिवस साजरा करत होती. पुष्पचक्र, सरपंचाचे चार मिनिटांचे भाषण, मुलांची कविता, वाजंत्री. यंदा प्रथमच पाद्री लाझारने घराघरातल्या गुलाम पूर्वजांची नावे वाचायचे कबूल केले होते. यंदाच प्रथम झाम्फिराने आपणहून काही मागितले होते. तिला त्या मुलीचा पोमाना घालायचा होता.

पोमान्याची रीत वस्तीत सगळ्यांना पाठ. मेलेल्याच्या वयाचे जिवंत माणूस निवडायचे, बाईसाठी बाई, पुरुषासाठी पुरुष. त्याला डोक्यापासून पायांपर्यंत कोरे कपडे घालायचे आणि मेलेल्याचे नाव घेऊन सांगायचे, तू इथे घाल, त्याला तिथे मिळो. नाव पाद्रीने वाचलेले हवे. नावाशिवाय दिलेले कपडे वाटेतच राहतात, किंवा भलताच कुणी उचलून नेतो.

“कपडे घेतलेस का?” नार्चिसाने विचारले.

“गुरुवारच्या बाजारातून. सगळे.”

“यादी यायच्या आधीच?”

“मला काय माहीत, त्यांनी नाव गाळलं असेल म्हणून!”

कपडे घरी पलंगावर मांडलेले होते. पांढरा परकर, निळा फुलांचा घागरा, लोकरी जाकीट, दोन जोड मोजे, डोक्याचा रुमाल, कंगवा, टॉवेल, बूट. झाम्फिराचा नवरा त्रायान बूट हातात घेऊन उलटासुलटा करून बघत होता. रस्तेदुरुस्तीच्या कामात गुडघे घालवून तो आठ वर्षांपूर्वी घरी बसला होता आणि तेव्हापासून तोंडाने दुप्पट काम करत होता.

“अडतीस नंबर? बारा वर्षांच्या पोरीला? तिचे पाय होते का होड्या?”

“अनवाणी वाढलेल्यांचे पाय पसरतात. माझे बघ.”

“तुझे लग्नाआधी दाखवले असतेस तर मी विचार केला असता.”

“अजून कर. फाटक उघडंच आहे.”

त्रायान हसला. मग त्याने बूट नीट जोडीने ठेवले. “मिळालं नाव?”

“नाही.”

“मग?”

“मग काय. पाद्रीबाबांना विचारते.”

“अगं, मारिया लिहून टाक. त्या काळी दर दुसरी मारियाच.”

“म्हणूनच. स्वर्गात हजार मारिया असतील. कपडे दिसले की पहिली जी धावेल तिचे.”

“तिथंही रेटारेटी असते म्हणतेस?”

“जिथं आपली माणसं असतील तिथं असणारच,” झाम्फिरा म्हणाली आणि शाल घेऊन बाहेर पडली.

पाद्री लाझार चर्चच्या मागे लाकडे रचत होता. तो गावात एकोणीस वर्षे होता. झाम्फिराची आई इलिंका, सासू, दोन दीर आणि जन्मून नऊ दिवस जगलेला नातू, सगळ्यांना त्यानेच मातीत पोचवले होते. तिच्या घरच्या मृतांची नावे त्याला चिठ्ठी न पाहता म्हणता येत.

त्याने सगळे ऐकून घेतले. हातातले लाकूड खाली ठेवले.

“मी असं वाचू शकतो,” तो म्हणाला, “‘आणि जिचे नाव देवाला ठाऊक आहे ती.’ यात काही चूक नाही. रणांगणात मेलेल्यांसाठी असंच वाचतात.”

“देवाला ठाऊक आहे हो. देवाला कपडे कुठं द्यायचेत?”

“झाम्फिरा.”

“चुकलं माझं. पण पाद्रीबाबा, त्या यादीत लिहिलंय ‘एक मुलगी’. गाडीत चढवलं ते ‘एक मुलगी’ म्हणून. आता तुम्ही पण कुणीतरी एक म्हणूनच वाचणार. मग मालकानं लिहिलं त्यात आणि आपण वाचतो त्यात फरक काय?”

पाद्रीने दाढीत अडकलेली लाकडाची चिरफळी काढली. “मी नाव बनवून देऊ शकत नाही. बाप्तिस्मा झालाय, नाव आहे. फक्त आपल्याला माहीत नाही. खोटं नाव लावून प्रार्थना करायची म्हणजे…”

“खोटं नको. मलाही नको.”

“मग मी सांगतो तसं वाचू दे.”

“बघते,” ती म्हणाली. चौतीस वर्षे मठात काम करताना तिने नाही म्हणायच्या जागी हाच शब्द वापरला होता.

एकोणीस तारखेला मठातून गव्हाचे पोते आले, उकडून मृतांच्या नावाने वाटायचा गोड कोलिवा करण्यासाठी. सोबत निरोप आला की उद्या मठात काम आहे, मठातर्फे कुणी येऊ शकणार नाही. पोते झाम्फिराच्याच धुलाईघराच्या दारात उतरवले गेले. ती इस्त्री करत होती. बावीस खोल्या, चव्वेचाळीस चादरी. वाफेच्या इस्त्रीखालून चादर सरकत होती आणि ती मनात आपल्या घरातल्या बायकांची नावे घेत होती. वोइका. साफ्ता. इलिंका. मध्ये दोन स्तांका, एक राडा, लहानपणीच गेलेली दोम्निका. वोइकाने लेकीला घरातलेच कुठले तरी नाव दिले असणार. पण या प्रत्येक नावाला आता मालकीण होती. साफ्ता लिहावे तर कपडे आजी नेणार, आणि आजी कुणाला परत देणारी नव्हती. घरातले, खरे आणि अजून कुणा मेलेल्याच्या ताब्यात न गेलेले नाव हवे होते. असली नावे फक्त जिवंत माणसांकडे असतात.

तिची मुलगी परदेशात, बारी शहरात, म्हाताऱ्यांची सेवा करत होती. तिचे नाव झाम्फिराच्या डोक्यात आले आणि तिने इस्त्री इतकी जोरात आपटली की शेजारची बाई दचकली. नातीचेही नाही. मग उरले एकच.

ते नाव आजीने ठेवले होते. कुटुंबात आधी कुणाचेच नव्हते. कुठून आणले म्हणून विचारले की साफ्ता खांदे उडवायची.

संध्याकाळी तिने वहीतले पान फाडून पाद्रीने वाचायच्या नावांची चिठ्ठी केली. मधोमध उभी रेघ. डावीकडे जिवंत, उजवीकडे मृत. डावीकडे तिने त्रायान लिहिले, मुलगी, जावई, नात. उजवीकडे दोब्रे, वोइका, रादु, स्तान. मग पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून ठेवली. जिवंत माणसाचे नाव उजवीकडे लिहिणे म्हणजे त्याच्यावर मरण ओढवणे, हे वादुरेलेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सुना सासूवर रागावल्या की असली चिठ्ठी दूरच्या चर्चमध्ये नेऊन देतात अशी कुजबुज दर दोन वर्षांनी उठते. एका बाईचे लग्न त्यावरून मोडले होते.

तिने लिहिले, चिठ्ठीची घडी केली आणि त्रायानला दाखवली नाही.

वीस फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता मठाच्या बाहेरच्या भिंतीपाशी साठसत्तर माणसे जमली. रात्री पडलेला बर्फ चिखल होऊन बुटांना चिकटत होता. निळ्या-हिरव्या पट्ट्यांचा, लाल चाकाचा रोमा लोकांचा झेंडा नार्चिसाने भिंतीला टेकवला होता, कारण खांब रोवायची परवानगी नव्हती. सरपंच बोलला. मुलांनी कविता म्हटली. एक कडवे विसरले, नार्चिसाने ओठ हलवून आठवण करून दिली.

नार्चिसाची मुलगी रेबेका गर्दीच्या पुढे उभी होती. ती बारा वर्षांची होती, गाडीत बसवलेल्या त्या मुलीएवढी. तिचे पोमान्याचे कपडे झाम्फिराच्या हातावर घडी करून ठेवलेले होते.

“आजी, जीन्स चालली नसती का?” तिने हळूच विचारले होते.

“तिनं जीन्स बघितली नाही गं. घाबरेल.”

“मला एकदाच घालायचंय ना?”

“तुझे आहेत आता. रोज घाल, बाजारात घाल, नाचायला घाल. तू जितकं घालशील तितकं तिला ऊब.”

रेबेकाने यावर गंभीरपणे मान हलवली.

पाद्री लाझारने टोपलीतल्या चिठ्ठ्या एकेक उघडून वाचायला सुरुवात केली. नावे तो सपाट आवाजात, न थांबता घ्यायचा. लोकांना ते तसेच आवडायचे. आपले नाव आले की त्या घरचे छातीवर क्रुसाची खूण करायचे. आठवी की नववी चिठ्ठी झाम्फिराची होती.

“दोब्रे, वोइका, रादु, स्तान,” पाद्री म्हणाला आणि थांबला.

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. मग चष्म्यावरून वर पाहिले. गर्दीत त्याला ती सापडली.

“झाम्फिरा,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “तू रेघेच्या चुकीच्या बाजूला लिहिलंयस.”

“नाही, पाद्रीबाबा.”

“हे तुझं नाव आहे.”

“होतं. आता तिला दिलंय. वाचा.”

लोकांना कळायला थोडा वेळ लागला. मग एका म्हातारीने छातीवर तीनदा क्रूस केला आणि बाजूला थुंकली. कुणीतरी “अगं बाई” म्हणाले. त्रायान काठी टेकत, चिखलातून, दोन माणसांना ढकलून पुढे आला.

“ए! काय केलंस तू? मला न विचारता मरतेस होय?”

“मरत नाहीये. उभी आहे ना समोर?”

“मग कागदावर का?”

“घरात दुसरं मोकळं नाव नव्हतं.”

त्रायानने तोंड उघडले. मिटले. टोपी काढली, परत घातली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलता बोलता थांबला होता.

पाद्री लाझार कागद धरून उभा होता. नार्चिसा त्याच्याकडे पाहत होती, सरपंच घड्याळाकडे.

“पाद्रीबाबा,” झाम्फिरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तिच्या आईनं तिला हाक मारली नाही. भावांनी मारली नाही. पावणेदोनशे वर्षं कुणीच मारली नाही. माझं नाव लोकांनी एकसष्ट वर्षं वापरलंय, चांगलं घट्ट आहे. तिला पुरेल. उद्या देवानं खरं सांगितलं तर माझं परत द्यायला सांगा. तोवर राहू दे तिच्याकडे.”

पाद्रीने चष्मा काढून झग्याच्या बाहीने पुसला आणि पुन्हा लावला.

“वय काय म्हणालीस तिचं?”

“बारा.”

चिठ्ठीतल्या नावांपुढे वय कधी वाचत नाहीत. पाद्री लाझारने वाचले. “झाम्फिरा, वय वर्षे बारा, दोब्रे आणि वोइका यांची मुलगी.” पुढच्या चिठ्ठीकडे वळण्याआधी त्याने तेच शब्द पुन्हा एकदा वाचले, या वेळी जरा मोठ्याने.

झाम्फिराने तयारी केली होती ती चिठ्ठी नाकारली जाण्याची. शिव्या खाण्याची, फार तर चर्चमधून काही महिने बाहेर राहण्याची. वय जोडता येईल हे तिला सुचलेच नव्हते. तिच्या हातावरची घागऱ्याची घडी सुटली.

नार्चिसाने पुढे होऊन एक चादर आडवी धरली. आडोशाला रेबेकाला कपडे चढवले. परकर, घागरा, जाकीट, मोजे एकावर एक दोन्ही जोड. अडतीस नंबरचे बूट तिला मोठे झाले. झाम्फिराने तिचे केस नव्या कंगव्याने विंचरले, रुमाल बांधला, पेटवलेली मेणबत्ती हातात दिली. मग ती म्हणायचे शब्द म्हणाली. मध्येच अडखळली, कारण स्वतःचे नाव दुसऱ्यासाठी उच्चारायची जिभेला सवय नव्हती.

“हे झाम्फिराच्या आत्म्यासाठी. तू इथे घाल, तिला तिथे मिळो.”

“देवाला पोचो,” रेबेका म्हणाली. मग रीतीप्रमाणे ती मागे न पाहता दहा-वीस पावले चालत गेली. झाम्फिरा तिच्या पाठीकडे पाहत होती. निळा घागरा भिंतीच्या कडेने जात होता, बूट फटक-फटक वाजत होते. पोर वळणापाशी पोचली तेव्हा झाम्फिराचा डावा पाय आपोआप एक पाऊल पुढे पडला. नार्चिसाने तिचा दंड धरला. वाजंत्रीवाल्यांनी क्लॅरिनेट वर केले, तरी बराच वेळ कुणी फुंकले नाही.

दुपारी उरलेला कोलिवा वाटून झाल्यावर नवराबायको घरी आली. दारातून आत येताना त्रायानने तिला आधी जाऊ दिले आणि मागून तिची पाठ निरखली. सावली आहे ना, याची जणू खात्री केली.

“आता तुला काय म्हणायचं मी?” शेवटी त्याने विचारले.

“जे म्हणत होतास ते.”

“‘अगं’ म्हणू?”

“‘अगं’ तर तू कोंबड्यांनाही म्हणतोस.”

तो पुटपुटत लाकडे आणायला अंगणात गेला. झाम्फिराने एप्रन बांधला आणि कोलिव्याचे भले मोठे भांडे मोरीत घेतले. तळाला गहू चिकटला होता. तिने कोमट पाणी ओतले आणि नखाने एकेक दाणा सोडवू लागली. बाहेर उन्हाने बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या.

“झाम्फिरा!” अंगणातून त्रायानची हाक आली. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. घसा साफ करून त्याने पुन्हा मारली, या वेळी शेजारपाजारी ऐकू जाईल अशी. “झाम्फिरा!”

ती लगेच बोलली नाही. पाण्यातले हात तसेच ठेवून, मान किंचित वळवून ती उभी राहिली. दुसरीला ओ द्यायला पुरेसा वेळ तिने जाऊ दिला. मग हात एप्रनला पुसत म्हणाली,

“आले.”